ॲप जपून ठेवण्याची सोपी पद्धत (परत मिळण्याची हमी नाही)

ही मार्गदर्शिका अगदी नवशिक्यांसाठी आहे. संगणकात मुरलेल्यांनी ती वाचण्याचे कष्ट घेऊ नयेत. बॅकअप त्यांचेही फसतात, पण का फसले हे त्यांना माहीत असतं. नवशिक्याला तेही माहीत नसतं. निदान एवढा अन्याय दूर व्हावा म्हणून हा खटाटोप.

संगणकच कशाला, असा प्रश्न कोणी विचारील. नवा फोन सुरू केला की तो आपणहून विचारतो, जुन्या फोनमधलं सगळं आणू का? हो म्हटलं की वायफायवरून बरंचसं येतंही. पण ‘बरंचसं’वर ज्यांचं समाधान होत नाही असा एक वर्ग आपल्याकडे आहे. रेशनकार्डाच्या चार झेरॉक्स, दहावीच्या गुणपत्रिकेच्या साक्षांकित प्रती आणि सातबाऱ्याचा जुना उतारा प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटात ठेवणारा हा वर्ग. क्लाउडवर ठेवलं म्हणजे दुसऱ्याच्या घरी ठेवलं, असं त्याचं मत आहे आणि ते चूक म्हणता येत नाही. आपल्या ॲपची एक प्रत आपल्या टेबलावरच्या संगणकात असावी, एवढीच त्याची माफक इच्छा. ती कशी पुरी होत नाही, ते आता क्रमाने पाहू.

लागणारं सामान

फोन, संगणक, केबल आणि एक मोकळा रविवार. सोमवारीही रजा टाकता आली तर बरं. शिवाय नात्यातला, आयटीत नोकरी करणारा एखादा भाचा किंवा पुतणी. त्यांनी त्या दिवशी फोन उचलायला हवा.

यांत सगळ्यात फसवी वस्तू केबल. साध्या यूएसबी केबलच्या पोटात चार तारा असतात. दोन विजेच्या, दोन डेटाच्या. स्वस्तात केबल विकायची तर डेटाच्या दोन तारा गाळल्या की झालं. बाहेरून काही कळत नाही, तसं तिच्यावर कुठे लिहिलेलंही नसतं. अशी केबल लावली की फोन छान चार्ज होतो. त्यामुळे संशय येतो तो संगणकावर. नवशिका संगणक बंद करून चालू करतो, मग फोन बंद करून चालू करतो, मग संगणकाच्या भोकात फुंकर मारतो, आणि शेवटी ‘विंडोज जुनं झालंय’ या निष्कर्षाला येतो. तसं काही नसतं. घरातल्या सगळ्या केबली गोळा करा: टीव्हीमागची, पॉवर बँकेबरोबर आलेली, दाढीच्या ट्रिमरची, गणपतीत आलेले पाहुणे विसरून गेलेली. एकेक लावून पाहा. ट्रिमरची सोडून द्या, ती या जन्मी डेटा नेणार नाही. फोनच्या खोक्यात आलेली मूळ केबल नक्की चालते. ती मुलगी हॉस्टेलला घेऊन गेलेली असते.

पायरी पहिली: जोडणी

केबल लावली की संगणक ‘टुडुंग’ असा आवाज करतो. आवाज आला म्हणजे ओळख पटली असं नाही. फोनच्या वरच्या कडेवरून बोट खाली ओढलं की बारीक अक्षरांत एक सूचना सापडते, फक्त चार्जिंग चालू असल्याची. ती दाबून ‘फाइल ट्रान्सफर’ निवडायचं. आता संगणकावर फोनचं नाव उमटेल. त्यावर डबल क्लिक करा. आत काहीही नसेल. घाबरू नका, फोनचं लॉक उघडा.

आता फोल्डर दिसू लागतात, फोटो कॉपी होतात, सूनबाईंनी पाठवलेली गुड मॉर्निंगची चित्रंही होतात. नवशिक्याला वाटतं, झालं. ॲप मात्र यांत कुठेच नाहीत. ॲप आपला डेटा फोनच्या ज्या भागात ठेवतं, तिथे त्या एका ॲपशिवाय कोणालाच प्रवेश नाही. दुसऱ्या ॲपला नाही, संगणकाला नाही आणि ज्याने हप्त्यावर फोन घेतला त्यालाही नाही. तिथपर्यंत पोचायचं तर हुद्दा लागतो. तो पुढच्या पायरीत मिळेल.

पायरी दुसरी: डेव्हलपर होणे

सेटिंग्जमध्ये जाऊन ‘फोनविषयी’ उघडा. तिथे ‘बिल्ड नंबर’ अशी एक ओळ असते. तिच्यावर बोटाने सात वेळा टिचकी मारायची. तीन-चार टिचक्या झाल्या की फोन सांगू लागतो, तुम्ही डेव्हलपर होण्यापासून तीन पायऱ्या दूर आहात, मग दोन, मग एक. सातवी टिचकी पडली की तुम्ही डेव्हलपर. जिल्हा परिषदेच्या बांधकाम खात्यातून निवृत्त झालेल्या माणसालाही हा दर्जा एवढ्याच श्रमांत मिळतो. मुलाखत नाही, जातपडताळणी नाही. मुलांच्या इंजिनिअरिंगच्या फीचा विचार या क्षणी करू नये.

आता ‘डेव्हलपर पर्याय’ नावाची नवी यादी उघडेल. तिच्यात ‘यूएसबी डीबगिंग’ चालू करा. दुसऱ्या कशालाही हात लावू नका. (लावणार आहात, याची कल्पना आहे. ॲनिमेशनच्या वेगाच्या तीन ओळी आहेत, त्या मुळात जिथे होत्या तो आकडा कागदावर लिहून ठेवा.)

पायरी तिसरी: ओळखपरेड

संगणकावर गूगलची ‘प्लॅटफॉर्म टूल्स’ उतरवून घ्या. त्यात एडीबी नावाची फाइल असते. तिच्यावर डबल क्लिक केलं की काळी खिडकी क्षणभर चमकून नाहीशी होते. पुन्हा केलं तरी तेच. हा बिघाड नाही. तिला बोलवायची रीत वेगळी आहे: त्याच फोल्डरमध्ये आज्ञा लिहायची खिडकी उघडून ‘एडीबी डिव्हायसेस’ असं टाइप करायचं. फोनचा क्रमांक दिसेल आणि त्याच्यापुढे ‘अनऑथोराइज्ड’. आता भाच्याला फोन लावा.

“मामा, काय आलंय?”

“अनऑथोराइज्ड म्हणतोय.”

“फोनवर बघा, फोनवर. लॅपटॉपवर नको.”

“फोनवरच तर बोलतोय तुझ्याशी.”

“त्याच फोनचा बॅकअप घेताय?”

“मग? दुसरा आहे कुठे?”

भाचा थोडा वेळ गप्प राहील. मग मामींचा फोन घ्यायला सांगेल. मामींच्या फोनमध्ये भाच्याचा नंबर ‘पिंट्या नवीन’ या नावाने आहे आणि ‘पिंट्या नवीन’ला लागत नाही, कारण तो आता जुना झालाय. या सगळ्या अवधीत तुमच्या फोनवर एक चौकट येऊन थांबलेली असते: या संगणकाला परवानगी द्यायची का? खाली आकडे आणि इंग्रजी अक्षरं यांच्या सोळा जोड्या. ती संगणकाच्या किल्लीची खूण. परवानगी देण्याआधी ही खूण ताडून बघावी अशी अपेक्षा आहे. कशाशी ताडायची, हे चौकटीत लिहिलेलं नाही. ‘नेहमी परवानगी द्या’ या खोक्यात टिक करून पुढे चला. सगळं जग तेच करतं.

पायरी चौथी: आज्ञा

‘एडीबी बॅकअप’ ही आज्ञा अँड्रॉइडमध्ये २०११ साली, चौथ्या आवृत्तीबरोबर आली. तिच्यामागे शेपट्या जोडायच्या असतात. एक शेपटी लावली की डेटाबरोबर ॲपही येतात, दुसरी लावली की फोटोबिटो, तिसरीने ‘सगळ्यांचा’ असा अर्थ होतो, चौथीनंतर फाइलचं नाव. पहिली शेपटी विसरली तर ॲपशिवाय नुसता डेटा येतो. संगणक त्याबद्दल चकार शब्द काढत नाही. जे सांगितलं ते केलं, एवढंच त्याचं म्हणणं.

एंटर दाबा. काळ्या खिडकीत आधी एक सूचना येईल: ही आज्ञा आता मोडीत निघाली आहे, पुढच्या कुठल्यातरी आवृत्तीत ती काढूनही टाकू. मग दुसरी ओळ: फोनचं लॉक उघडा आणि होकार द्या. फोनवर पासवर्डची जागा आणि तळाशी दोन बटणं असलेलं पान उघडेल. एक बटण बॅकअप घ्या म्हणणारं, एक नको म्हणणारं. हे पान मिनिटभरच थांबतं. तेवढ्यात चष्मा शोधायला गेलात तर संधी गेली.

होकार दिला की काम सुरू. किती झालं, किती राहिलं, हे दाखवणारी पट्टी नाही. फोनवर फक्त एकामागून एक ॲपची कार्यालयीन नावं सरकत असतात, ‘कॉम’ने सुरू होणारी. सगळं उरकलं की तळाशी बॅकअप संपल्याची चिठ्ठी येते आणि दोन-तीन सेकंदांत जाते. ती पाहण्यासाठी तासभर स्क्रीनवर नजर खिळवून बसावं लागतं, आणि नेमक्या त्या वेळी दारावर कुरिअरवाला येतो.

आता फाइल किती मोठी झाली ते पाहा. सगळ्या फोनची फाइल फारच लहान भरली, तर ती नोटपॅडमध्ये उघडा. पहिल्या ओळीत इंग्रजीत ‘अँड्रॉइड बॅकअप’. दुसऱ्या ओळीत एक आकडा. तिसरीत १, म्हणजे माल दाबून भरला आहे. चौथीत पासवर्ड नसेल तर ‘नन’, असेल तर ‘एईएस-२५६’. यानंतर पानंच्या पानं अगम्य चिन्हांचा चिखल दिसला तर आनंद माना, तोच तुमचा डेटा. चिखल दिसला नाही, तर तुमच्याकडे बॅकअपचं सुबक मुखपृष्ठ जमा झालेलं आहे.

पायरी पाचवी: आत काय आहे ते न पाहणे

ही पायरी बहुतेक जण आपोआप पार पाडतात. पण मार्गदर्शिकेचा प्रामाणिकपणा म्हणून आत डोकावू.

प्रत्येक ॲपबरोबर त्याच्या कर्त्याने लिहिलेली एक जाहीरनाम्याची फाइल असते. तिच्यात एक ओळ घालता येते: माझा बॅकअप घेऊ देऊ नये. ही ओळ असली की तुमची आज्ञा त्या ॲपला वळसा घालून पुढे जाते. तक्रार नाही, वगळलेल्यांची यादी नाही, लाल अक्षरं नाहीत. फोन तुमचा, आत लिहिलेला मजकूर तुमचा, तरी त्याची प्रत निघावी की नाही हे ठरवणार ॲपचा कर्ता. आणि त्याने काय ठरवलं ते तुम्हाला कळावं अशी सोय कुठेच नाही. माझी तक्रार नकाराबद्दल नाहीच. बँकेने नकार द्यावा. तुमचा उघडा फोन घेऊन कोणी पाच मिनिटं संगणकाला जोडला आणि बँकेच्या ॲपचा सगळा डेटा पेनड्राइव्हवर घेऊन गेला, असं व्हायला नको. तक्रार आहे ती गुपचूपपणाबद्दल.

त्यानंतर २०२१ मध्ये अँड्रॉइड १२ आलं आणि नियम उलटा झाला. या आवृत्तीसाठी किंवा पुढच्यांसाठी म्हणून तयार केलेल्या ॲपचा डेटा या आज्ञेने द्यायचाच नाही, असं ठरलं. २०२२ मध्ये प्ले स्टोअरने सांगितलं, नवी ॲप ऑगस्टपासून आणि जुन्यांची अपडेटं नोव्हेंबरपासून किमान या आवृत्तीसाठी तयार केलेली हवीत. या दोन गोष्टी शेजारी ठेवा. जे ॲप वेळच्या वेळी अपडेट होतं, ज्याचे कर्ते जागरूक आहेत, त्याचा डेटा संगणकावर येत नाही. मग कोणाचा येतो? ज्याच्या कर्त्याने पाच-सहा वर्षांपूर्वी एक ॲप करून सोडून दिलं आणि तो नंतर कपड्यांच्या धंद्यात गेला, त्याचा. त्याने मनाई करणारी ओळ लिहिलेली नसते, कारण ती लिहिली नाही तर परवानगी आहे असंच पूर्वापार मानलं जातं. कर्ता जितका आळशी तितका बॅकअप खात्रीचा.

आणि गंमत अशी की नवशिक्याला खरी गरज याच ॲपची असते. दुधाचा हिशोब, भिशीत कोणाचा नंबर कधी लागला, शेतमजुरांची हजेरी, वीजमीटरचं रीडिंग, आईच्या रक्तदाबाच्या नोंदी. अशा बारक्या ॲपांना ना खातं असतं ना क्लाउड. सगळं त्या एका फोनमध्ये. त्यामुळे भिशीचा हिशोब संगणकावर सुखरूप उतरला की आनंदाला पारावार राहत नाही.

मग नवा फोन येतो. त्यात अँड्रॉइड १४ किंवा त्यापुढचं असतं. २०२३ साली आलेली ही आवृत्ती फारच जुन्या आवृत्त्यांसाठी केलेली ॲप आत घ्यायलाच नकार देते. भिशीचं ॲप त्या वयाचं निघालं तर डेटा आहे, ॲपची फाइलही आहे, आणि दोघांना राहायला जागा नाही. भाच्याला विचारलं तर तो म्हणेल, मामा, एडीबीला आणखी एक शेपटी लावून ते जबरदस्तीने बसवता येतं. येतं, खरंच येतं. पण तोवर भिशीतल्या बायकांनी नवी वही घातलेली असते.

आयफोनवाल्यांसाठी

वेगळा परिच्छेद, कारण त्यांना सगळंच वेगळं लागतं.

जुलै २००८ मध्ये ॲप स्टोअर सुरू झालं, तेव्हापासून नऊ वर्षं आयट्यून्समध्ये ॲप खरोखरच संगणकावर उतरवून ठेवता येत. मूर्तिमंत फाइल असे, हार्ड डिस्कवर दिसे. सप्टेंबर २०१७ मध्ये आयट्यून्स १२.७ आलं आणि ॲपचा तो कप्पाच काढून टाकला. कंपन्यांच्या सोयीसाठी १२.६.३ ही जुन्या वळणाची आवृत्ती तेवढी ठेवली. २०१९ मध्ये मॅकवरून आयट्यून्सही गेलं आणि बॅकअपचं काम फाइंडरकडे आलं. आज संगणकावर आयफोनचा पूर्ण बॅकअप घेतला, तरी त्यात सेटिंग्ज असतात, संदेश असतात, ॲपमधला डेटा असतो, पण ॲप नसतात. त्यांची नावं असतात. थोडक्यात, लग्नातल्या आहेराची वही नीट सांभाळलेली असते, भांडी दुकानातून पुन्हा आणायची. एखादं भांडं मध्यंतरी दुकानातून कायमचं गेलं असेल, तर वहीतल्या नोंदीकडे बघत बसायचं.

बॅकअपच्या पानावर ‘एन्क्रिप्ट’ असं एक छोटं खोकं आहे. त्यात टिक न करता बॅकअप घेतला तर साठवलेले पासवर्ड आणि आरोग्याच्या नोंदी त्यात जात नाहीत. टिक केली तर नवा पासवर्ड द्यावा लागतो. नवशिके इथे कुलदैवताचं नाव आणि पुढे एक-दोन-तीन असं काहीतरी लिहितात. दोन वर्षांनी पहिलं अक्षर मोठं होतं की लहान, यावर घरात चर्चा होते. तो पासवर्ड विसरला तर ॲपलसुद्धा काही करू शकत नाही. फोनच्या सगळ्या सेटिंग्ज रीसेट करून नवा बॅकअप घेता येतो, पण जुना बॅकअप कुलूप लावलेल्या अवस्थेतच तुमची जागा अडवत राहतो.

जागेवरून आठवलं. विंडोजवर हा बॅकअप निमूटपणे सी ड्राइव्हमध्ये जातो. दुसरीकडे ठेवू का, असं विचारत नाही. आतल्या फोल्डरमध्ये चाळीस-चाळीस अक्षरांची नावं असलेल्या हजारो फाइली, कुठल्याचंही शेपूट ‘जेपीजी’ किंवा ‘पीडीएफ’ नाही. सी ड्राइव्ह तांबडी झाली की घरातला व्यवस्थित माणूस साफसफाईला बसतो आणि हा कचरा दिसताच पहिल्यांदा उडवतो. व्हायरस होता, असं रात्री जेवताना सांगतो.

परत आणताना आणखी एक: नव्या आयओएसवर घेतलेला बॅकअप जुनी आयओएस असलेल्या फोनवर बसत नाही. आधी फोन अपडेट करा. मधेच ४०१३ किंवा तसलाच क्रमांक येऊन सगळं थांबलं, तर ॲपलचा एक सल्ला असा की केबल बदलून पाहा. केबलविषयी वर सविस्तर आलेलं आहे.

व्हॉट्सॲप: एवढं मात्र जमतं

इथे थट्टा थोडी बाजूला ठेवतो, कारण अँड्रॉइडवर ही युक्ती खरंच चालते. फोन संगणकाला जोडला की ‘अँड्रॉइड’, त्यात ‘मीडिया’, त्यात ‘कॉम.व्हॉट्सॲप’ असं फोल्डर आहे. ते अख्खं संगणकावर कॉपी करा. त्याच्या पोटात ‘डेटाबेसेस’ नावाच्या कप्प्यात रोज पहाटे दोनच्या सुमारास होणाऱ्या बॅकअपच्या फाइली असतात, नावात तारीख घातलेल्या, साधारण आठवडाभराच्या. नव्या फोनवर व्हॉट्सॲप उतरवा, पण उघडू नका. आधी ते फोल्डर त्याच जागी ठेवा. मग उघडून तोच मोबाइल नंबर द्या. बॅकअप सापडला, परत आणू का, असं ते विचारतं. हो म्हणा. एन्क्रिप्टेड बॅकअपचा पासवर्ड तुम्ही कधी ठेवला असेल तर तो इथे लागेल.

‘पण उघडू नका’ हे शब्द पुन्हा वाचा. ॲप उतरलं की ‘उघडा’ असं बटण समोर येतं, आणि ते दाबण्याची क्रिया मराठी माणसाच्या अंगठ्यात मेंदूशी सल्लामसलत न करता होते.

पायरी शेवटची: परत आणणे

‘एडीबी रिस्टोअर’ आणि फाइलचं नाव. पुन्हा तेच पान, तोच पासवर्ड, तोच मिनिटभराचा अवधी. ॲपची फाइल तुम्ही वेगळी काढून ठेवली असेल तर तिच्यावर भिस्त ठेवू नका. ऑगस्ट २०२१ पासून प्ले स्टोअर नवी ॲप अखंड घेत नाही. तुमच्या फोनचा प्रोसेसर, स्क्रीन आणि भाषा बघून तुमच्यापुरते तुकडे पाठवतं. त्यातला नुसता मुख्य तुकडा नव्या फोनवर नेला की ‘ॲप इन्स्टॉल झाले नाही’ एवढं उत्तर मिळतं. कारण विचारायची सोय नाही.

काही ॲप तर सरकारनेच नेली. २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने ५९ चिनी ॲपवर बंदी घातली. टिकटॉकच्या नावाने ती सगळ्यांच्या लक्षात राहिली, पण त्याच यादीत शेअरइट आणि झेंडर होती, म्हणजे इंटरनेटशिवाय एका फोनवरची ॲप दुसऱ्या फोनवर पाठवायला गावोगाव वापरली जाणारी दोन हत्यारं. आणि कॅमस्कॅनर, ज्यात अर्ध्या महाराष्ट्राने जातीचे दाखले स्कॅन करून ठेवले होते. बंदीनंतर नवा फोन ती ॲप प्ले स्टोअरवरून आणायला गेला आणि हात हलवत परत आला.

बँकेचं आणि यूपीआयचं ॲप येईल, पण कोरं. त्याला तुमचा बॅकअप नको, तुमचं सिमकार्ड हवं. ते फोनमधून गुपचूप एक एसएमएस पाठवून खात्री करून घेतं की नोंदवलेला नंबर याच फोनमध्ये आहे. सिम अजून जुन्या फोनमध्ये असेल तर अडलं. दोन सिम असतील आणि भलतंच निवडलं तर अडलं. आणि वडिलांच्या नंबरवर ‘येणारे कॉल तर येतात’ म्हणून रिचार्जच केलेला नसेल, तर एसएमएस जातच नाही आणि ॲप ‘पुन्हा प्रयत्न करा’ म्हणत बसतं. याला संगणकाचा काही इलाज नाही. टपरीवर जाऊन रिचार्ज मारा.

शंकासमाधान

बॅकअप नीट झाला हे कसं ओळखावं? दुसऱ्या फोनवर परत आणून. दुसरा फोन नसेल तर ओळखता येत नाही. जुना फोन एक्स्चेंजमध्ये देण्याआधी हे करावं. डिलिव्हरीवाला दारात उभा राहून जुना फोन रीसेट करायला सांगतो तेव्हा शंका काढायला उशीर झालेला असतो.

मावशीचं कँडी क्रश? तिने कधी खातं जोडलं असेल तर सगळ्या पातळ्या परत येतील. नसेल, तर मावशीला हे सांगण्याचं काम संगणकावर सोपवता येत नाही.

फोन रूट केला की सगळंच मिळतं म्हणतात? मिळतं. कुठल्याही ॲपचा डेटा उचलता येतो, नव्या फोनवर टाकता येतो. मग बँकेचं ॲप उघडतं, फोन रूट केलेला आहे हे ओळखतं आणि बंद होतं. शिवाय रूट करण्यासाठी बूटलोडर उघडावं लागतं, आणि ते उघडताना फोनमधला सगळा डेटा पुसला जातो. म्हणजे बॅकअप घेता यावा यासाठी आधी बॅकअप घेऊन ठेवणं आवश्यक.

नोकियाच्या वेळी हे सोपं नव्हतं का? होतं. पीसी सूट होतं, बटण दाबलं की एकच फाइल तयार व्हायची, शेपूट ‘एनबीयू’. अनेकांच्या जुन्या हार्ड डिस्कवर ती अजून आहे. आत दीडशे नंबर आहेत, त्यातले निम्मे दहा आकड्यांचे नसतील. ती उघडायला आता काय लागतं ते भाच्याला विचारा, म्हणजे तो पुढच्या वेळी फोन उचलणार नाही.

हे सगळं दुकानात करून मिळतं का? मिळतं. चौकातल्या मोबाइलच्या दुकानातला मुलगा एकाच वेळी तीन गिऱ्हाईकं सांभाळत तुमचा फोन हातात घेतो, न बघता केबल खुपसतो (त्याची केबल चालते) आणि म्हणतो, “पॅटर्न सांगा काका.” तुम्ही त्याच्या कानाशी जाऊन सांगता. तो खात्रीसाठी मोठ्याने परत म्हणतो, मग फोनच्या पाठीवर चिकटपट्टी लावून तिच्यावर बॉलपेनने नऊ ठिपके काढतो, त्यांच्यातून रेघ ओढतो, आणि फोन तसाच्या तसा काचेच्या काउंटरवर इतर फोनांशेजारी ठेवतो. संध्याकाळी सातला या, दोनशे रुपये.

“सगळं येईल ना पण?”

“येणार की. बँकेचं सोडून. ते कुणाचंच येत नाही, काका.”